रामनगरच्या वाफ्यातली दूर्वा

मी शाळेत संस्कृत शिकवलं, असा माझा बरीच वर्षं समज होता. निवृत्तीच्या दिवशी हेडमास्तरांनी जे मानपत्र वाचून दाखवलं त्यात संस्कृताला एक ओळ मिळाली होती आणि 'शैक्षणिक सहलींचे कुशल संयोजन' याला दीड परिच्छेद. म्हणजे शाळेच्या लेखी मी भाड्याची नाव ठरवणारा, मुलं मोजणारा आणि पाहुण्यांच्या गळ्याच्या मापाचे हार आणणारा माणूस होतो. आता या अंकाच्या संपादकांनीही काशीतल्या नोकरीचे अनुभव मागितले आहेत, व्याकरणाचे नाहीत. लढाईमुळे कागदाची टंचाई आहे, तेव्हा सगळ्या सहली सांगून कोणाचा कागद खर्च करत नाही. एकीविषयीच लिहितो, कारण तिच्याबद्दल मी एकदा एक ओळ लिहिली होती आणि ती अजून माझ्या अंगावर आहे.

सहलीचा धंदा बाहेरच्यांना ठाऊक नसतो. आधी वरून एक परिपत्रक येतं. आमच्या वेळच्या परिपत्रकात लिहिलं होतं, की विद्यार्थ्यांस हातांनी काम करण्याची गोडी लावावी. ते लिहिणाऱ्या साहेबाच्या खोलीत पंखा ओढायला माणूस होता, ही गोष्ट परिपत्रकात नव्हती. मग शाळा अर्ज करते, अर्जाला तीन आठवड्यांनी परवानगी येते, आणि मग ज्या मास्तराला नाही म्हणता येत नाही त्याला संयोजक नेमतात. सहलीत मुख्य काम दोन. पाहुण्यांच्या भाषणात मुलांना जागं ठेवणं हे एक, आणि नेली तेवढी मुलं परत आणणं हे दुसरं.

दुसऱ्या कामासाठी मी एक युक्ती काढली होती, तिचा मला अजून अभिमान आहे. चोवीस मुलं न्यायची आणि प्रत्येकाला 'राम' शब्दाचं एकेक रूप वाटून द्यायचं. नावेत बसल्यावर प्रथमेपासून सुरुवात. षष्ठीचं द्विवचन गप्प राहिलं की समजायचं, अमक्याचा मुलगा अजून जिलबीच्या दुकानापाशी आहे. तीस-बत्तीस वर्षांत माझी एकही विभक्ती बुडाली नाही.

पहिलं काम मात्र मला कधीच जमलं नाही. एकदा आम्ही मुलांना दुधाचा कारखाना दाखवायला नेलं. तिथे एका रायसाहेबांनी शुद्धतेवर दोन तास भाषण केलं. मागच्या रांगेतली मुलं तेवढ्या वेळात एका गवळ्याकडून दुधात पाणी किती घातलं तर जिभेला कळत नाही, ते शिकून आली. वर्षअखेर विचारलं तेव्हा मुलांना तेवढंच आठवत होतं, आणि बरोबर आठवत होतं.

आता रामनगरची गोष्ट. ही लढाईच्या आधीची. हेडमास्तरांच्या मनात आलं, की आपल्या शाळेची बारा मुलं आणि मंगलागौरीजवळच्या वेदपाठशाळेची बारा मुलं एकत्र शेत बघायला न्यावीत. एकत्र शिकतील, एकत्र सेवा करतील. रिपोर्टात हे चांगलं दिसलं असतं. पाठशाळेचे दामोदरशास्त्री माझ्या घरोब्यातले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "शेतात काय शिकायचं आहे?"

"हातांनी काम करायला."

"आमची मुलं पहाटे उठून पाणी भरतात, लाकडं फोडतात, स्वतःची धोतरं धुतात. तुमच्या मुलांना आमच्याकडेच पाठवा की. नावेचा खर्च कशाला करता?"

"शास्त्रीबुवा, तुमच्याकडे अभिप्रायवही नाही."

ते हसले आणि तयार झाले. त्यांनाही थोडी हवापालट हवी होती.

कार्तिक वद्य द्वितीया, रविवार. सकाळी रामघाटावरून दोन नावा निघाल्या. रामनगर प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणून मल्लाह काठाने दोर ओढत चालले होते आणि आमची बारा अधिक बारा मुलं श्रमाची गोडी लावून घ्यायला नावेत बसून होती. पाठशाळेच्या मुलांनी दशम्या आणि लाडू सोवळ्यात बांधून आणले होते. शाळेच्या मुलांच्या खिशांत जे होतं ते मी बघितलं नाही.

शेत सरकारी होतं, नमुन्याचं. तिथले सुपरिंटेंडेंट आपलेच, म्हणजे हिंदुस्थानी. दोन वर्षं विलायतेत राहून आले होते आणि तेव्हापासून त्यांना इथलं ऊन सोसत नसे. त्यांच्या डोक्यावर छत्री धरून एक उंच, वाळलेला, पन्नाशीचा माणूस मागून चालत असे. तो बिसेसर महतो. जातीने कोइरी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकवणारा. छत्री धरणं हे त्याचं काम नव्हतं. त्याचं काम वांग्याचा वाफा सांभाळणं.

त्या शेतात वांग्याचे दोन वाफे होते. एकापुढे इंग्रजी पाटी होती, 'सुधारित जात'. तिचं बी बोटीने आलं होतं. दुसऱ्यापुढे पाटी नव्हती. त्यात रामनगरचं भंटं, म्हणजे ते पांढरट हिरवं, गोल, एक ठेवलं की ताट भरेल एवढं वांगं. ते बी महतोच्या आजाकडून आलेलं. त्या वर्षीच्या पुरात त्याची नदीकाठची भाजीची बाडी वाहून गेली होती, आणि घरात उरलेलं मूठभर बी त्याने या वाफ्यात टाकलं होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

सुपरिंटेंडेंट आम्हाला दोन्ही वाफे दाखवत म्हणाले, "पंधरा दिवसांनी बडे साहेब येतात. हा देशी वाफा ठेवायचा का नांगरून टाकायचा, ते ठरेल. नांगरला तर याचीही गरज नाही." 'याची' म्हणताना त्यांनी मागे छत्रीकडे अंगठा केला. छत्री हलली नाही.

मग भाषण झालं. खतावर. भाषणाच्या भरात साहेबांनी एक पांढरट भुकटी मुलांच्या हातांवर घालायला सांगितली आणि ती हातोहात सगळ्या रांगेत फिरली. शेवटच्या मुलापर्यंत पोचल्यावर त्यांनी सांगितलं, की हे हाडांचं चूर्ण आहे. पाठशाळेच्या बारा मुलांनी बारा हात शरीरापासून दूर धरले ते पाटाच्या पाण्यात धुवेपर्यंत तसेच होते. दामोदरशास्त्री शांतपणे म्हणाले, "काळजी नको. स्नानाला गंगा वाटेतच आहे."

साहेबांनी त्यांना भेट म्हणून एक भंटं देऊ केलं. शास्त्रीबुवांनी ते दोन्ही हातांनी घेऊन, न्याहाळून परत दिलं. "चंपाषष्ठीपर्यंत आम्हाला वांगं चालत नाही. अजून तीन आठवडे." साहेबांना यात मागासलेपणा दिसला. महतोने मात्र चंपाषष्ठी कोणत्या वारी आहे ते विचारून घेतलं.

आता सेवा. देशी वाफ्यात दूर्वा माजली होती. तिकडचे लोक तिला दूब म्हणतात. बागाईतात तिच्याएवढं चिवट तण नाही. बडे साहेब येण्याआधी ती काढायची, आणि चोवीस फुकट हात समोर उभे. महतोने खुरपं घेऊन मुलांना दाखवलं. जमीन सैल करायची, वेल धरायची आणि मुळासकट ओढायची.

"जड़ से निकालिएगा, बबुआ," तो म्हणाला. "ऊपर से नोचिएगा तो दूब और हँसेगी."

त्याला एवढंच बोलता आलं. साहेबांनी त्याला पाहुण्यांच्या चहाकडे पाठवलं आणि तिथून छत्रीकडे. खुरपी पाच होती, मुलं चोवीस. "हातांनी काढा," साहेब म्हणाले, "परिपत्रकात हातच लिहिले आहेत."

मुलांवर देखरेख करायची होती मी. पण साहेबांनी आंब्याखाली खुर्ची मांडून माझ्यापुढे अभिप्रायवही ठेवली. चामड्याची पाठ, सोनेरी कडा. संस्कृतच्या मास्तरापुढे अशी वही ठेवणं हे मांजरापुढे दूध ठेवण्यासारखंच. मी दोन तास शब्द घोळवत बसलो. साहेबांची पदवी लिहिली, बड्या साहेबांची पदवी लिहिली, परिपत्रकाचा गौरव केला, आणि शेवटी शुद्ध हिंदीत लिहिलं: 'विद्यार्थियों ने इस क्यारी से समस्त तृण का समूल उन्मूलन किया.' हे लिहिताना मी वाफ्याकडे बघितलं नव्हतं. समूल या शब्दावर मी इतका खूश होतो, की बघायची गरज वाटली नाही.

संध्याकाळी उठून पाहिलं तर वाफा खरोखर स्वच्छ दिसत होता. साहेबांनी टाळी वाजवली. महतो छत्री धरून वाफ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, कृतज्ञतेने. येताना प्रवाहाबरोबर आलो, मध्येच चोवीस मुलांनी कपड्यांसकट बुडी मारली आणि मी सर्व विभक्त्या मोजून घरी आलो.

मंगळवारी अंगारकी होती. आमच्या काशीकर मराठी घरांत अंगारकी मोठी. शास्त्रीबुवांच्या पाठशाळेत अथर्वशीर्षाची सहस्रावर्तनं होती आणि मीही बसलो होतो. एका आवर्तनाला एक दूर्वा, म्हणजे हजार दूर्वा हव्यात. एरवी त्या गोळा करताना मुलांच्या नाकी नऊ येतात. त्या दिवशी ओल्या फडक्याखाली मोठी परात भरून दूर्वा होती. कोवळी, तीन तीन पात्यांची, सगळी एका उंचीची. त्या वाटणारा होता विनू, पाठशाळेतला थोरला विद्यार्थी.

"ही कुठली रे?" मी विचारलं.

"रामनगरची. त्या भंट्याच्या क्यारीतली." त्याचा चेहरा फुलला होता. "अजून हजार निघाली असती मास्तर, पण तुम्ही नावेसाठी हाका मारल्या."

"आणि मुळं?"

विनूने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काही अभद्र बोललो होतो. "मुळं कशी उपटायची? दूर्वेच्या मुळाला धक्का लागू द्यायचा नसतो. आमच्याकडे लहानपणीच शिकवतात. शेंडा खुडायचा, मूळ राखायचं. मग दुप्पट फुटते. मी शाळेच्या पोरांनापण शिकवलं, त्यांना येत नव्हतं."

एकत्र शिक्षण झालं होतं, यात शंका नव्हती. चोवीस मुलांनी दोन तास एकाग्रतेने, एकही मूळ न दुखावता, महतोच्या वाफ्यातलं तण खुडून ठेवलं होतं, म्हणजे त्याला जोराने फुटायची सोय करून ठेवली होती. आणि त्याखाली मी समूल उन्मूलन असं लिहून सही केली होती.

माझ्या हातात दूर्वा होती आणि आवर्तन चालू होतं. मी ती वाहिली. पुढचीही वाहिली. उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "रिपोर्ट गेला."

"दुसरा पाठवू. मुलांना परत नेऊ."

"मास्तर, रिपोर्टावर दुसरा रिपोर्ट जात नाही, स्मरणपत्र जातं. आणि परत न्यायचं तर परवानगीला तीन आठवडे. शिवाय तो वाफा आपला थोडाच आहे."

हे ऐकून मला बरं वाटलं. ही ओळ लिहायला जड जाते, पण वाटलं. मी विचारलं होतं, नकार मिळाला होता, आता दोष वरच्यांचा. त्या समाधानात मी आठ दिवस काढले. वर्गात मुलांना सत्यावरची सुभाषितं शिकवली आणि ती त्यांनी पाठ केली.

नवव्या दिवशी, त्रयोदशीला, एकटाच नाव करून गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. सकाळी बायकोने अंगणातली तुळस खुरपताना राहिलेलं मूळ पुन्हा फुटतंच असं काहीतरी म्हटलं, ते निमित्त झालं असावं. थंडी अजून पुरती पडली नव्हती आणि वाफ्याला पाणी मिळत होतं. लांबूनच दिसलं, वांग्यांच्या झाडांखाली हिरवा गालिचा पसरला होता. एका कोपऱ्यात महतो उकिडवा बसून खुरपत होता. चारातले तीन हिस्से राहिले होते.

मी सगळं सांगितलं. शेंडे, अंगारकी, परात. त्याने हात थांबवला नाही.

"मालूम था, मास्टर साहब. उसी साँझ को देख लिया था. लड़के लोग पूजा का माल तोड़ रहे थे, उनको कौन टोके."

"साहेबांना सांगायचं की."

"बोला था. साहब किताब खोलकर बोले, मास्टर साहब लिख गए हैं, घास जड़ से निकल गई. अब फिर निकली तो बिसेसर की लापरवाही से निकली." त्याने मातीतला एक वेल अलगद सोडवून बाजूला ठेवला. "अब किताब झूठ तो नहीं बोलेगी."

बडे साहेब सोमवारी येणार होते. तो गुरुवार. एकट्या माणसाचं ते काम नव्हतं, आणि दिवसातला निम्मा वेळ त्याला छत्री होती. वाफा असाच दिसला असता तर नांगर फिरला असता, नोकरी गेली असती, आणि झाडांवरची बियांसाठी राखलेली भंटी अजून पिकायची होती, म्हणजे आजाचं बीही गेलं असतं. हे त्याने काही सांगितलं नाही. मला हिशेब येत होता.

त्याच संध्याकाळी दामोदरशास्त्र्यांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या चतुर्दशी, परवा अमावास्या, तेरवा प्रतिपदा," ते म्हणाले. "लागोपाठ तीन अनध्याय. वेद बंद. मुलं रिकामी आहेत. परवानगी कोणाची हवी? माझी आहे."

"पण शास्त्रीबुवा, दूर्वा मुळासकट काढायची आहे."

त्यांनी दाराकडे बघितलं. विनू दारात उभा होता. त्याचा चेहरा पडला होता, कारण आम्ही बोलत होतो ते त्याच्या हातचं होतं.

"उपटायची नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मग?"

"हलवायची. मुळाला धक्का न लावता, वेल अखंड काढायचा, मातीसकट टोपलीत ठेवायचा आणि इथे आणून लावायचा. रामघाटाच्या प्रत्येक घरी अंगणात दूर्वा हवीच आहे. स्थलांतराला कुठे बंदी लिहिली आहे? गंगेपलीकडून गंगेअलीकडे येते आहे, तिचं भलंच होईल." मग विनूकडे वळून म्हणाले, "आणि पेर तुटलं तर तुला त्याचं प्रायश्चित्त. मोजून."

मी आयुष्यात पुष्कळ टीकाग्रंथ वाचले. एवढी उपयोगी टीका वाचली नाही.

शुक्रवारी पहाटे एकच नाव निघाली. पाठशाळेची बारा मुलं होती, आणि शाळेची चारच येतील असं वाटलं होतं ती नऊ आली, घरी काय सांगून आली ते मी विचारलं नाही. खुरपी घराघरांतून मागून आणलेली. सुपरिंटेंडेंट साहेब बड्या साहेबांसाठी कमान करवून घ्यायला शहरात गेले होते, त्यामुळे छत्री मोकळी होती.

मुलं जोड्यांनी बसली. शाळेचा मुलगा खुरप्याने जमीन सैल करायचा, पाठशाळेचा मुलगा बोटांनी वेल सोडवायचा. महतो पहिली घटकाभर काळजीने फिरत होता. मग तो एका जागी थांबला आणि बघत राहिला. दूबेची खोड अशी, की घाईने ओढली तर तुटते आणि जमिनीत राहिलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. मजूर घाई करतात. ही मुलं करत नव्हती. मूळ दुखावलं तर पाप, हे त्यांच्या हाडीमाशी होतं, म्हणून हात हात लांबीचे वेल शेवटच्या तंतूसकट बाहेर येत होते.

"तीस बरस में ऐसी निराई नहीं देखी," महतो त्या खुरपणीकडे बघत मला म्हणाला. "मजदूर को दूब से बैर होता है, इसलिए टूट जाती है."

दुपारी त्याने विनूला एक बोटभर तुकडा दाखवला. मातीत राहिलेला, एका पेराचा. त्यातून खाली पांढरं मूळ आणि वर हिरवा कोंब निघाला होता. दूर्वा पेरापेरातून फुटते, असं सांगणारा एक मंत्र या मुलांना मुंज झाल्यापासून पाठ होता. रोज म्हणत होते. विनू तो तुकडा हातात घेऊन बसला.

"मास्तर," तो म्हणाला, "म्हणजे ते खरंच आहे."

"काय?"

"मंत्रातलं. ते यांनीच बघून लिहिलं असेल. म्हणजे यांच्यासारख्या कोणीतरी." त्याने महतोकडे बोट दाखवलं.

शास्त्रीबुवा जवळच बसून वेलाची माती झाडत होते. वेद कोणी लिहिले यावर त्यांनी माझ्याशी पूर्वी तीन तीन तास वाद घातला होता. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, "टोपली इकडे दे."

तीन दिवस काम चाललं. भाषण झालं नाही, हार नव्हते, वही बंद होती. दशम्या वाफ्याच्या कडेला बसून खाल्ल्या. रविवारी मावळतीला महतोने वाफ्यात हात फिरवला आणि रिकामी बोटं आम्हाला दाखवली.

सोमवारी बडे साहेब आले. कमानीखालून गेले. आम्हालाही बोलावणं होतं, हेडमास्तर नवा कोट घालून आले होते. इंग्रजी पाटीच्या वाफ्यात अळी पडली होती, तिथे साहेब थांबले नाहीत. देशी वाफ्यापुढे थांबले, पायातल्या बुटाच्या टोकाने माती उकरली, गवताची काडी सापडली नाही. एक भंटं दोन्ही हातांनी तोलून पाहिलं. मग सुपरिंटेंडेंटांनी वही उघडून माझी ओळ वाचून, समजावून दाखवली.

"शाळेच्या मुलांनी? उत्तम," बडे साहेब म्हणाले. "हा वाफा राहू द्या. बी राखा." आणि सुपरिंटेंडेंटांचा हात हातात घेऊन हलवला. ती सगळी भेट एवढीच. छत्री त्या दिवशी दोघांवर धरायची असल्यामुळे महतोला दोन्ही बाजूंना झुकावं लागत होतं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. ती ओळ ज्या दिवशी लिहिली त्या दिवशी खोटी होती, आणि काल ज्याने ती खरी केली तो तुमच्या मागे उभा आहे, एवढं एक वाक्य. इंग्रजीतही जमलं असतं. पण सगळं छान चाललं होतं, हेडमास्तर खूश होते, वाफा वाचला होता. जे मागायचं ते न मागता मिळालं असताना खऱ्याची काय घाई, असं मला वाटलं. शिकलेल्या माणसाला असं वाटायला फार वेळ लागत नाही.

मंडळी चहाला गेल्यावर महतो छत्री मिटून माझ्यापाशी आला. वही टेबलावरच होती. त्याला वाचता येत नव्हतं.

"मास्टर साहब, इस किताब में हमारा भी नाम है?"

मी वहीकडे बघितलं. माझ्याच अक्षरात तिथे दोन साहेबांची नावं होती, पदव्यांसकट.

"है," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, पानावरच्या ओळींवरून एक बोट न टेकवता फिरवलं आणि छत्री घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात मी सुपरिंटेंडेंटांना विनंती केली, की मला त्या पानावर दोन शब्द वाढवायचे आहेत. ते म्हणाले, वही पाहुण्यांसाठी असते, नोकरांची नावं त्यात येत नाहीत, आणि लिहिलेल्या अभिप्रायात फेरफार हा गुन्हा आहे. पुढे वही भरली आणि दप्तरात गेली.

त्या वर्षी चंपाषष्ठीच्या सकाळी महतो स्वतः रामघाटाच्या पायऱ्या चढून आला. टोपलीत दोन भंटी. एक माझ्याकडे, एक शास्त्रीबुवांकडे. एकाच्या भरितात घरची सात माणसं जेवली. नंतर दरवर्षी येत राहिला. सहाव्या वर्षी त्याचा मुलगा आला, डोकं भादरलेलं होतं, टोपलीत दोन भंटी होती. बापाने वार सांगून ठेवला होता म्हणाला. बी आहे का, मी विचारलं. आहे, पाच घरांत वाटलंय, म्हणाला.

रामघाटाच्या अंगणांतून आज जी दूर्वा आहे ती बहुतेक रामनगरची. बायका तिला शिव्या देतात, कारण ती तुळशीवृंदावनात शिरते. मी चतुर्थीला शेंडे खुडतो आणि ती दुप्पट फुटते.

सरकारी वहीत जागा मिळाली नाही. या अंकात अजून चार ओळींची आहे, संपादकांनी कापू नये. नमुन्याच्या शेतातल्या देशी वांग्याच्या वाफ्यातली दूर्वा कार्तिक वद्य चतुर्दशी, अमावास्या आणि त्यापुढची प्रतिपदा या तीन दिवसांत निघाली. ती काढवून घेतली रामनगरच्या बिसेसर महतो यांनी. समूळ. या वेळी मी बघत होतो.